विणकराचा माग आणि हिब्रू प्रार्थना

येवल्याच्या विणकरवस्तींतून सकाळीं जातांना घराघरांतून मागाचा ठेका कानीं पडतो. फणीचा ठोका, पायाखालच्या पट्ट्यांचा दबका आवाज आणि त्यांमधून धोट्याची ये-जा. पैठणीमुळें या गांवाचें नांव सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु आज मी आपल्याशीं पैठणीविषयीं बोलणार नाहीं. निदान सरळ वाटेनें बोलणार नाहीं. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीं पश्चिम आशियांत हिब्रू भाषेंत जीं काव्यें रचलीं गेलीं, त्यांतही हाच माग, हाच धोटा आणि हाच धागा आलेला आहे. यहुदी लोक तीं काव्यें आजही धर्मग्रंथ म्हणून वाचतात आणि प्रार्थना म्हणून गातात. त्यांतील एक ओळ मला पुस्तकांतून नीट कळली नव्हती. ती येवल्याच्या एका मागापाशीं कळली. ती कशी, हें सांगण्यापूर्वीं थोडी प्रस्तावना केली पाहिजे.

यहुदी धर्माची एक आज्ञा सर्वश्रुत आहे: ईश्वराची मूर्ति करूं नये. लांकडाची नाहीं, दगडाची नाहीं, धातूची नाहीं. सिनेगॉगांत, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरांत, देवाचें चित्र कोठेंही दिसत नाहीं; एका कपाटांत चामड्यावर हातानें लिहिलेल्या तोरा-ग्रंथाच्या गुंडाळ्या तेवढ्या असतात. अशा धर्माची प्रार्थनाही रूक्ष असेल, असें एखाद्यास वाटेल. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. त्यांच्या ग्रंथांत देव खडक आहे, ढाल आहे, मेंढपाळ आहे. पिलांवर पंख पसरणारा गरुड आहे, लेंकराचें सांत्वन करणारी आई आहे, मातीला आकार देणारा कुंभार आहे. हाताला जी मूर्ति निषिद्ध, ती जिभेला मोकळी ठेवलेली आहे.

आपल्या साहित्यशास्त्रांत उपमा आणि रूपक यांना अलंकार म्हणतात. अलंकार उतरवून ठेवले तरी अंग शिल्लक राहतें. परंतु ज्या देवाला आकार नाहीं, त्याच्याविषयींचें रूपक उतरवून ठेवलें तर मागें बोलावयास फारसें कांहींच उरत नाहीं. म्हणून या प्रार्थनेंत रूपक हा दागिना नसून रोजच्या अंगावरचें वस्त्र आहे. आणि हीं रूपकें बहुधा कारखान्यांतून, शेतांतून आणि घरांतून आलेलीं आहेत. तीं समजावयाचीं तर पंडिताबरोबर कारागिराचेंही साहाय्य घ्यावें लागतें, एवढीच गोष्ट आज मला आपल्यापुढें मांडावयाची आहे.

हें काव्य महाराष्ट्राला परकें नाहीं. कोकणांत शेंकडों वर्षें राहिलेल्या बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठीच. तेलाचा घाणा चालविणें हा त्यांचा जुना धंदा. शनिवारीं, म्हणजे शब्बाथाच्या दिवशीं, घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. राजपूरकर, दिवेकर, केहिमकर हीं त्यांचीं आडनांवें कोकणांतील गांवांवरूनच पडलेलीं आहेत. त्यांचें मुंबईंतील पहिलें सिनेगॉग १७९६ सालीं सामुएल दिवेकर यांनीं बांधलें. त्याचें नांव 'शाअर हारहमीम', म्हणजे दयेचें द्वार. ठाण्याच्या सिनेगॉगाचें नांव 'शाअर हाशामाइम', स्वर्गाचें द्वार. अलिबागचें 'मागेन आबोथ', पूर्वजांची ढाल. बगदादी यहुद्यांनीं उभारलेलें पुण्याचें लाल देऊळ तें 'ओहेल दावीद', दावीदाचा तंबू. दारावरची पाटीसुद्धां येथें रूपकांतच बोलते.

या समाजांतील बहुतेकांना हिब्रू प्रार्थना मुखोद्गत असत, परंतु अर्थ कळेच असें नाहीं. ही उणीव एकोणिसाव्या शतकांत त्यांच्यांतीलच विद्वानांनीं ओळखली. जोसेफ यहेझ्केल राजपूरकर यांनीं अनेक प्रार्थनाग्रंथ मराठींत आणले. वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची 'हग्गादा' १८७४ सालीं पुण्यास शिळाछापावर मराठी भाषांतरासह निघाली. तिच्या चित्रांतल्या बायका लुगडीं नेसलेल्या आहेत. १८८० च्या सुमारास तर आब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथांवर मराठींत कीर्तनें होऊं लागलीं. १९४८ नंतर या समाजाचा मोठा भाग इस्राएलमध्यें जाऊन राहिला. महाराष्ट्रांत आज त्यांची वस्ती थोडी उरली आहे. तरी त्यांनीं केलेलें काम आपल्या भाषेचें धन आहे.

या भाषांतरकारांच्या पुढील अडचण शब्दांची नव्हती, चित्रांची होती. एका स्तोत्रांत भावाभावांनीं एकोप्यानें राहणें किती गोड, हें सांगतांना कवि तेलाचें चित्र देतो: मुख्य याजक अहरोन याच्या मस्तकावर ओतलेलें सुगंधी तेल दाढीवरून ओघळत अंगरख्याच्या गळ्यापर्यंत येतें. शहरांतल्या वाचकास हें चित्र विचित्र वाटेल. परंतु घाण्यावरच्या माणसास तेलाचा स्वभाव ठाऊक असतो. पाण्यासारखें तें उडत नाहीं. हळूं उतरतें, आणि ज्याला लागलें त्याला सोडीत नाहीं. एकोपा असाच वडिलांपासून धाकट्यांपर्यंत उतरतो. शनिवार तेल्याला या स्तोत्रावर टीपेची गरज पडली नसावी.

जें तेल्याचें तेंच विणकराचें. आतां आरंभीं म्हटलेल्या ओळीकडे येऊं. 'ईयोब' हें हिब्रू वाङ्मयांतील एक विलक्षण काव्य आहे. ईयोब हा सदाचारी गृहस्थ. त्याची संपत्ति जाते, मुलें मरतात, सर्वांगाला फोड येतात. मित्र समाचाराला येतात आणि सांत्वन करण्याऐवजीं उपदेश करूं लागतात. तेव्हां सातव्या अध्यायांत ईयोब आपल्या दिवसांची तुलना विणकराच्या धोट्याशीं करतो. त्यांचा वेग धोट्याहूनही अधिक, आणि त्यांचा शेवट आशेवांचून, असें त्याचें गाऱ्हाणें आहे.

पुष्कळ वर्षें मी ही ओळ भाषांतरांतून वाचीत आलों. धोटा चपळ, आयुष्यही चपळ. अर्थ सरळ वाटे. पण मग आशेचा संबंध कोठें येतो? पहिल्या अर्धांत धोटा आणि दुसऱ्या अर्धांत आशा; कवीनें रूपक मध्येंच टाकून दिल्यासारखें वाटे. हिब्रू कवितेची रीत तर तशी नाहीं. त्या कवितेंत यमकाचा नियम नसतो. ओळीचे दोन भाग असतात. पहिल्या भागानें जें म्हटलें तेंच दुसरा भाग निराळ्या शब्दांत पुन्हां म्हणतो, वाढवितो किंवा उलटें करून दाखवितो. इंग्रज पंडित रॉबर्ट लौथ यांनीं १७५३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत या रचनेचें पद्धतशीर विवेचन केलें. तिला आज समांतरता म्हणतात. मग येथेंच दुसरा भाग पहिल्याची साथ कां सोडतो?

एकदां येवल्यांत एका मागापाशीं उभा राहून मी विणकाम पाहत होतों. धोटा उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे जात होता. कारागीर माझ्याशीं बोलतही होता. एकाएकीं त्यानें हात थांबविला, शेवटच्या एक-दोन फेऱ्या निरखून पाहिल्या आणि धोट्यांतील कांडी काढून दाखविली. ती रिकामी होती. "धोटा थांबला तर कळतें," तो म्हणाला, "सूत संपलें तर लगेच कळत नाहीं. धोटा पळतच असतो, पण मागें कांहीं राहत नाहीं."

घरीं येऊन मीं ईयोबाची ओळ पुन्हां काढली. या वेळीं मूळ हिब्रू शब्द पाहिला. आशेसाठीं तेथें शब्द आहे 'तिकवा'. आणि या शब्दाचा दुसरा अर्थ आहे दोरा, धागा. म्हणजे कवीनें रूपक सोडलें नव्हतें. ईयोबाचे दिवस धोट्यासारखे धांवत आहेत, आणि कांडीवरचें सूत संपलेलें आहे. तीच आशा संपलेली आहे. भाषांतरकाराला दोहोंपैकीं एकच अर्थ निवडावा लागतो. आशा निवडली तर माग हरवतो. धागा निवडला तर माणूस हरवतो. ईयोबाचें दुःख आयुष्य लहान असल्याचें नाहीं. दिवस चालू आहेत, परंतु त्यांतून कांहीं विणलें जात नाहीं, हें त्याचें दुःख आहे. दीर्घ आजारांत किंवा मोठ्या शोकांत असे दिवस ज्यांनीं काढले आहेत, त्यांना हें निराळें समजावून सांगावयास नको.

हा केवळ माझा तर्क आहे, असें कोणी म्हणूं नये म्हणून दुसरें स्थळ देतों. यहोशवाच्या ग्रंथांत यरीहो शहराची कथा आहे. राहाब नांवाची स्त्री दोन हेरांना आश्रय देते. तिच्या घराची खूण म्हणून खिडकीला लाल दोरी बांधावयाची ठरते, म्हणजे शहर पडलें तरी तिचें कुटुंब वांचेल. त्या लाल दोरीसाठीं मूळांत 'तिकवा' हाच शब्द आहे. राहाबची आशा खरोखरच त्या दोरीला टांगलेली होती. आणि ईयोबाच्या काव्यांत पुढच्याच अध्यायांत त्याचा मित्र बिल्दद उत्तर देतो तेव्हां तोही 'तिकवा' हाच शब्द उचलतो. देवाला विसरणाऱ्याची आशा नष्ट होते, असें सांगून तो लगेच कोळ्याच्या जाळ्याचें चित्र काढतो. ईयोब म्हणाला होता, माझा धागा संपला. मित्र जणूं सुचवितो, तुझा धागा होताच कोळ्याचा. सांत्वनाला आलेल्या माणसाचा शब्द किती लागूं शकतो, हें त्या एका धाग्यावरून दिसतें.

मागाचें दुसरें चित्र यशयाच्या ग्रंथांत आहे. यहूदा देशाचा राजा हिज्कीया मरणोन्मुख आजारी पडला आणि बरा झाला. त्यानंतरचें त्याचें गीत तेथें दिलेलें आहे. आजारांत आपलें आयुष्य कसें वाटलें, हें सांगतांना तो प्रथम मेंढपाळाच्या तंबूची आठवण करतो. तंबू आज येथें, उद्यां उपटलेला. नंतर तो स्वतःला विणकर म्हणतो: विणलेलें कापड गुंडाळून ठेवणारा. आणि लगेच चित्र फिरतें. राजा आतां विणकर राहत नाहीं, स्वतःच कापड होतो, आणि कोणी तें मागावरून कापून काढतो. एकाच ओळींत माणूस विणतोही आणि कापलाही जातो.

विणकराच्या घरीं कापड मागावरून उतरविणें हा आनंदाचा क्षण असतो, कारण काम पुरें झालेलें असतें. राजाची तक्रार अशी कीं, पदर विणून होण्यापूर्वींच कात्री लागली. पण कापड कापल्यावर मागावर ताण्याचीं टोकें उरतात. हातमागावर पुष्कळदां याच टोकांना नव्या ताण्याचा एकेक धागा पिळून जोडतात, म्हणजे माग पुन्हां नव्यानें मांडावा लागत नाहीं. ग्रंथ सांगतो कीं राजाला आणखी १५ वर्षें मिळालीं. तीं वर्षें मला अशीं उरलेल्या टोकांना सांधलेलीं वाटतात.

मृत्यूप्रमाणें जन्मालाही हिब्रू कवि मागावर नेतात. १३९ व्या स्तोत्रांत कवि देवाला सांगतो कीं आईच्या उदरांत तूंच मला विणलेंस. तेथेंच पुढें जें क्रियापद येतें, तें 'रकम' या धातूपासून झालेलें आहे. या धातूचा अर्थ रंगीत धाग्यांनीं नक्षी काढणें. आधुनिक हिब्रूंत 'रिकमा' म्हणजे भरतकाम, आणि शरीरांतील ऊतकालाही तोच शब्द. गर्भांतल्या अंधारांत कोणी नक्षी विणीत बसलें आहे, ही कल्पना शास्त्रज्ञांच्या परिभाषेंत अजून जिवंत राहिली आहे.

निर्गमाच्या ग्रंथांत निवासमंडपाच्या पडद्यांचें वर्णन आहे. त्यांत कारागिरीचे निरनिराळे प्रकार सांगितले आहेत. एकाला 'रोकेम' म्हटलें आहे, दुसऱ्याला 'होशेव'. तालमूदांतील आचार्यांनीं भेद असा सांगितला: रोकेमचें काम सुईचें, म्हणून त्याला एकच बाजू, होशेवचें काम मागावरचें, म्हणून त्याला दोन्ही बाजू. येवल्याच्या श्रोत्यांना या वादांत पडावयाचें कारण नाहीं. चांगली पैठणी कशी ओळखावी, तर पदर उलटून पाहावा. मोर, कमळ, वेल दोन्ही बाजूंनीं सारखीं दिसलीं पाहिजेत, कारण तीं वर टांकलेलीं नसून कापडांतच विणलेलीं असतात. आणि 'होशेव' या शब्दाचा मूळ अर्थ काय? विचार करणारा. दोन्ही बाजूंनीं सारखी नक्षी विणण्यास प्रत्येक धागा मोजावा लागतो. हें हातापेक्षां डोक्याचें काम आहे, हें त्या भाषेनें शब्दांतच नोंदवून ठेवलें.

आतां ग्रंथाकडून नित्याच्या प्रार्थनेकडे येऊं. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं यहुदी पुरुष 'तल्लीथ' नांवाची शाल पांघरतात. पांघरतांना जें स्तोत्र म्हणण्याची चाल आहे, त्यांत देवानें प्रकाशाचें वस्त्र पांघरलें आहे आणि आकाश पडद्यासारखें ताणलें आहे, असें चित्र आहे. माणूस शाल पांघरतो आणि त्याच क्षणीं देवाच्या शालीचें वर्णन करतो. या शालीच्या चार कोपऱ्यांना गोंडे असतात. त्यांत एक निळा धागा असावा, अशी गणनेच्या ग्रंथांत आज्ञा आहे. तालमूदांत रब्बी मेईर यांनीं कारण सांगितलें आहे: हा निळा रंग समुद्रासारखा, समुद्र आकाशासारखा, आणि आकाश देवाच्या सिंहासनासारखें. पाहा, एका धाग्यापासून निघून तीन पायऱ्यांत दृष्टि कोठें गेली! पण शेवटच्या पायरीवरही देव दिसत नाहीं, सिंहासनच दिसतें. उपमा दारापर्यंत नेते आणि तेथेंच थांबते.

सकाळची 'शेमा' ही मुख्य प्रार्थना केव्हां म्हणावी, याचें एक प्राचीन उत्तर असें आहे: निळा धागा आणि पांढरा धागा यांतील भेद डोळ्यांना कळूं लागेल तेव्हां. घड्याळ नसलेल्या काळांत पहांट धाग्यावर मोजली जात होती. पुढें हा निळा रंग करण्याची विद्याच लुप्त झाली आणि शेंकडों वर्षें गोंडे केवळ पांढरेच राहिले. विसाव्या शतकांत समुद्रांतील एका शंखप्राण्यापासून तो पुन्हां काढण्याचे प्रयत्न झाले, आणि आज कांहीं लोक निळा धागा वापरतात.

प्रायश्चित्ताच्या महान् दिवसाच्या रात्रीं, योम किप्पुरला, युरोपांतील यहुद्यांच्या परंपरेंत एक मध्ययुगीन गीत म्हणतात. त्याची कल्पना यिर्मया संदेष्ट्यानें कुंभाराच्या घरीं पाहिलेल्या दृश्यावरून घेतलेली आहे. देवाच्या हातांत माणूस कसा, तर कुंभाराच्या हातांतील माती. मग पाथरवटाचा दगड, लोहाराचें लोखंड, खलाशाच्या हातचें साधन, कांच करणाराची कांच, नक्षीकाराचें वस्त्र, आणि चांदी गाळणाराची चांदी. आपल्याला येथें संतमंडळीची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं. गोरा कुंभार, सांवता माळी, नरहरि सोनार यांनीं आपापल्या धंद्याच्या भाषेंतच देवाशीं संवाद केला. गोरोबाकाकांनीं तर थापटण्यानें संतांचीं मस्तकें ठोकून कोणतें मडकें कच्चें आहे तें पाहिलें, अशी कथा सांगतात. उत्तरेंत कबीर विणकर. त्यांनीं देहालाच चादर म्हटलें. कोणी कोणाचें उसनें घेतलें, असें येथें समजण्याचें कारण नाहीं. हातानें काम करणारा माणूस जेथें जेथें प्रार्थना करतो, तेथें तेथें त्याचें हत्यार प्रार्थनेंत शिरतें.

या चित्रांविषयीं यहुद्यांनाही सावधगिरी वाटत आली आहे. १२०४ सालीं निवर्तलेले थोर तत्त्वज्ञ मोझेस मैमोनिदीस यांनीं बजावलें कीं धर्मग्रंथ माणसाच्या भाषेंत बोलतो, म्हणून देवाचा हात किंवा देवाचा डोळा असे शब्द अक्षरशः घेऊं नयेत. नाहीं तर दगडाच्या मूर्तीऐवजीं शब्दाची मूर्ति होईल. ही भीति खरी आहे. परंतु प्रार्थनेनें तिच्यावर स्वतःचा एक उपाय काढलेला दिसतो: एकच चित्र न ठेवतां अनेक ठेवलीं. जो कुंभार तोच विणकर, जो खडक तोच आई. एक चित्र मनांत घट्ट बसूं लागलें कीं दुसरें त्याला हलवितें.

शेवटचें चित्र समाधींवरचें आहे. यहुद्यांच्या कबरींवर पुष्कळदां पांच हिब्रू अक्षरें कोरलेलीं असतात. त्यांचा आशय असा कीं या माणसाचा आत्मा जीवनाच्या गांठोड्यांत बांधलेला राहो. हें गांठोडें शमुवेलाच्या ग्रंथांतील अबीगईल नांवाच्या चतुर स्त्रीच्या बोलण्यांतून आलें आहे. कापड मागावरून कापलें जातें हें हिज्कीयानें सांगितलें होतें. कापल्यावर त्याचें काय होतें, याचें उत्तर जणूं हें गांठोडें देतें. विणलेलें कोणी फेंकीत नाहीं. घडी करून बांधून ठेवतात.

त्या दिवशीं येवल्यास तो कारागीर रिकामी कांडी दाखवून थांबला नाहीं. त्यानें ती बाजूला ठेवली, दुसरी भरलेली कांडी धोट्यांत बसविली, रिकाम्या गेलेल्या फेऱ्यांपाशीं नव्या सुताचें टोंक लावलें आणि पुन्हां ठोका धरला. ईयोबाला त्या वेळीं तें कोणी करून दाखविलें नाहीं. त्याचे मित्र फार विद्वान होते.